कॉम्प्युटरमधून धूर आला: तो नेमका कुठून आणि का, हे शोधायचं कसं

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानाचे हिशेब मी बघते. फेब्रुवारीत नव्या हळदीचे सौदे जोरात होते. सकाळी अकराच्या सुमारास शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाची हिशेबाची बिलं, काढत असताना टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या मागून करड्या धुराची बारीक रेघ वर आली. पाठोपाठ घशाला झोंबणारा वास. मी बोर्डाचं बटण बंद केलं, पिन काढली आणि नेहमीच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. धूर मागच्या वरच्या जाळीतून आला हे ऐकून त्यानं एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, बदलून दिला. दुसऱ्या दिवशी नव्या कोऱ्या एसएमपीएसच्या जाळीतून तसाच धूर निघाला.

मग मशीन मिरजेतल्या एका जुन्या कारागिराकडे नेलं. त्यांनी झाकण काढलं, काहीच चालू केलं नाही, फक्त एकेक वायर बोटानं चाचपत गेले आणि हार्ड डिस्कपाशी थांबले. जुन्या चार पिनी वायरीला साटाचं, म्हणजे नव्या डिस्कला बसणारं चपटं, तोंड देणारा एक स्वस्तातला ॲडॉप्टर तिथं होता. दोन महिन्यांपूर्वी दुसरी डिस्क बसवताना लावलेला. त्याचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन काकवीसारखं ओघळलं होतं आणि थंड होऊन डिस्कच्या तोंडावरच थिजलं होतं. ते म्हणाले, "ताई, चुलीचा धूर कौलातनं निघतो, म्हणून काय कौल पेटलंय म्हणायचं?"

आमच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वरच्या बाजूला आहे. त्याचा पंखा कॅबिनेटमधली हवा ओढतो आणि मागे सोडतो. त्यामुळे आत कुठंही जळलं तरी धूर त्याच्याच जाळीतून बाहेर येणार. एवढं त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं असतं, तर एक डिस्क वाचली असती. म्हणून हे सविस्तर लिहितेय. पुढच्या प्रत्येक पायरीला दोन प्रश्न वेगळे ठेवा: जळलं काय, आणि जळलं कशामुळे? पहिल्याचं उत्तर मिळालं की माणूस थांबतो आणि नवा भागही जाळून घेतो.

## १. पहिलं मिनिट

भिंतीवरचं बटण बंद करा. शटडाऊन करत बसू नका, उघडी फाईल सेव्ह करायलाही थांबू नका.

यूपीएस असेल तर तोही त्याच्या बटणानं बंद करा. इथंच बरेच जण फसतात. भिंतीवरचं बटण बंद केलं की यूपीएस बॅटरीवर जातो आणि जळणाऱ्या मशीनला वीज देतच राहतो. यूपीएसचा टी-टी आवाज येतोय म्हणजे वीज अजून आत जातेय. त्यानंतर कॉम्प्युटरची पॉवर केबल मागून काढा. धूर बोर्डातून किंवा पिनेतून येत असेल तर तिथं हात न लावता मेन स्विच किंवा एमसीबी पाडा.

पाणी ओतू नका. नुसता धूर असेल तर वीज तोडल्यावर तो बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत विरतो. ज्वाळा दिसली तर कोरड्या पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक वापरा. ते नसेल किंवा आग आवरत नसेल तर बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. यार्डात आजूबाजूला पोत्यांच्या थप्प्या असतात, तिथं धाडस दाखवू नका.

खिडक्या उघडा आणि वीस मिनिटं मशीनला हात लावू नका. जळक्या प्लास्टिकचा धूर छातीला वाईट असतो, वाकून हुंगू नका.

आणि "एकदा चालू करून बघूया" हे मनातून काढून टाका. मशीन चालू झालं तरी त्यातून काहीच कळत नाही. उलट अर्धवट जळलेला भाग पुरता जळतो, आणि शेजारच्या चांगल्या भागालाही घेऊन जातो.

## २. खोलायच्या आधी आठवून लिहून काढा

कागद घ्या आणि लिहा: धूर मशीन चालू करताक्षणी आला की तासाभरानं? "फट्" असा आवाज झाला का? मशीन आपोआप बंद पडलं की धूर येत असतानाही चालू होतं? ट्यूब जास्त उजळ झाली होती का, पंख्याचा वेग अचानक वाढला होता का? लाईट जाऊन नुकतीच आली होती का? शेवटच्या दोन-तीन महिन्यांत आत काय नवं बसवलं?

ही माहिती तपासणीचं निम्मं काम करते. बटण दाबताक्षणी फट् आवाज, धूर आणि सगळं बंद, असं झालं असेल तर संशय आधी एसएमपीएसवर किंवा मदरबोर्डावरच्या (सगळे भाग जिला जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवरच्या) थेट शॉर्टवर. मशीन चालू असताना हळूहळू वास वाढत गेला आणि धूर आला, तर एखादा जोड सैल होऊन तापलाय किंवा वायरीचं प्लास्टिक वितळतंय. आमचं मशीन धूर येत असतानाही चालू होतं आणि स्क्रीनवर पट्टी दिसत होती. ही गोष्ट मी पहिल्या दुरुस्तीवाल्याला सांगितलीच नाही, त्यानंही विचारलं नाही.

## ३. जवळ काय लागेल

- चांगला स्टार स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रू ठेवायला वाटी
- मोबाईल, फोटोला आणि टॉर्चला
- साधा डिजिटल मल्टिमीटर, काही शे रुपयांत मिळतो
- मऊ ब्रश
- कागदी टेप आणि पेन, वायरींना खुणा करायला
- कॉम्प्युटरचं बिल आणि वॉरंटीचे कागद

बिल आधीच बाहेर काढा. कॅबिनेटवर वॉरंटीचं सील असेल आणि मुदत शिल्लक असेल, तर सील न तोडता तसंच नेलेलं बरं. दुकानाचा विमा असेल तर जळालेल्या अवस्थेतले फोटो काढून, काहीही बदलण्याआधी विमावाल्यांना कळवा.

## ४. सुरुवात कॅबिनेटच्या बाहेरून

टेबलाखालचा एक्स्टेन्शन बोर्ड पालथा करून बघा. सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी डाग, पिन ढिली बसणं, पॉवर केबलचं तोंड मऊ किंवा वाकडं होणं, यांतलं काही दिसलं तर धूर कदाचित तिथलाच असेल. एकाच ६ अँपिअरच्या बोर्डावर कॉम्प्युटर, प्रिंटर आणि हिवाळ्यात हीटर, असं अनेक दुकानांत असतं. लेझर प्रिंटर तापताना चांगलाच करंट ओढतो, त्याला वेगळा सॉकेट द्या. यूपीएसची बॅटरी फुगून त्याचं झाकण वर आलं असेल तर यूपीएस बाजूला काढा.

जुन्या एसएमपीएसच्या मागे एक लहान लाल सरकबटण असतं, त्यावर ११५ आणि २३० लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते २३० वरच हवं. झाडलोट करताना किंवा पोरांच्या हातून ते ११५ वर सरकलं, तर मशीन लावताक्षणी एसएमपीएस आतून फुटतो. यात शोधण्यासारखं काही उरत नाही, तरी बटण कुठं आहे ते बघून फोटो काढून ठेवा.

आता व्होल्टेज. आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्टचा; त्यात १० टक्के मागेपुढे, म्हणजे साधारण २०७ ते २५३, धरून चालतात. हे मोजायला ओळखीच्या वायरमनला बोलवा, नवख्यानं सॉकेटमध्ये मल्टिमीटरच्या सळया घालू नयेत. त्याला तीन आकडे काढायला सांगा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळपास सारखे हवेत आणि तिसरा दोन-चार व्होल्टच्या आसपास. फेज-अर्थचा आकडा भलताच कमी आला तर अर्थिंग नावालाच आहे.

सगळ्यात घातक म्हणजे न्यूट्रल तुटणं. तीन फेजच्या लाईनवर न्यूट्रल सुटला की काही घरांत व्होल्टेज खाली जातं आणि काही घरांत चढतं, कधी ४०० च्या दिशेनंही. त्या दिवशी शेजारच्यांचा टीव्ही, फ्रिज किंवा चार्जर गेलाय का, हे नक्की विचारा. गेला असेल तर दोष तुमच्या कॉम्प्युटरचा नाही, आणि लाईन दुरुस्त होईपर्यंत नवा एसएमपीएस लावण्यात अर्थ नाही. वीजपुरवठ्याच्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. तक्रार केलीत तर तिचा नंबर लिहून ठेवा.

## ५. वासावरून अंदाज

धूर पूर्ण गेल्यावर, कॅबिनेट उघडल्यावर जो वास रेंगाळतो त्याकडे लक्ष द्या. खारवलेल्या मासळीसारखा किंवा अमोनियासारखा वास असेल तर बहुधा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा लहान गोल डबा, फुटलाय. नाकाडोळ्यांना झोंबणारा, रस्त्यात वायरी जाळतात तसा वास म्हणजे वायरीचं किंवा कनेक्टरचं प्लास्टिक. गरम वार्निशसारखा वास एसएमपीएसमधल्या ट्रान्सफॉर्मरचा किंवा कॉइलचा असू शकतो. केस जळल्यासारखा वास आला तर आत पाल शिरून दोन टोकांमध्ये अडकलेली असू शकते. आपल्याकडे हे खरंच घडतं. एसएमपीएसची ऊब पालींना आवडते, आणि मागची एखादी पट्टी उघडी राहिली की त्यांना वाट मिळते.

महिनोन्महिने बंद असलेलं मशीन चालू केल्यावर नुसती धूळ भाजल्याचा वास येतो, तो थोड्या वेळात जातो. पण डोळ्यांना दिसेल असा धूर आला तर "धूळ असेल" म्हणून सोडू नका.

वास दिशा दाखवतो, त्याला पुरावा समजू नका. पुरावा डोळ्यांनीच शोधायचा आहे.

## ६. झाकण काढून बघणं

केबल काढलेली आहे ना, पुन्हा एकदा खात्री करा. मग कॅबिनेटचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली थोडीफार वीज निघून जाते. लोखंडी चौकटीला हात लावा, मग कामाला लागा. काहीही हलवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा.

टॉर्च समोरून मारू नका, आडवी धरा. तिरक्या उजेडात काजळीचा डाग आणि फुगवटा लगेच दिसतो.

मी ज्या क्रमानं आता बघते तो असा.

जोड आधी. एसएमपीएसमधून निघणारी प्रत्येक वायर तिच्या टोकापर्यंत बोटानं चाचपत न्या. कडक झालेली, चिकट झालेली किंवा रंग बदललेली वायर बोटाला कळते. चार पिनी वायरीवरून साटा करणारे ॲडॉप्टर असतील तर ते सगळ्यात आधी बघा. त्यातले एकसंध ओतीव प्लास्टिकचे जे असतात, त्यांच्या आत वायरी एकमेकींच्या फार जवळ असतात. प्लास्टिक तापून त्या सरकल्या की १२ व्होल्टची वायर शेजारच्या वायरीला भिडते. गंमत नव्हे, धोका असा की करंट पुरेसा वाढत नाही, म्हणून एसएमपीएसचं संरक्षण जागं होत नाही आणि प्लास्टिक सावकाश जळत राहतं. आमचं मशीन धुरातही चालू होतं, त्याचं कारण हेच. ॲडॉप्टर लावायचाच असेल तर ज्याच्या पाठीमागून वेगवेगळ्या वायरी दाबून बसवलेल्या दिसतात तो घ्या. त्याहून चांगलं म्हणजे पुरेशी साटा तोंडं असलेला एसएमपीएस घेणं.

मग मदरबोर्डाचा २४ पिनी मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनी कनेक्टर काढून बघा. एखादीच पिन काळी पडलेली असेल तर तो जोड सैल होता.

ग्राफिक्स कार्ड. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, ६ पिनी वायरीतून आणखी ७५ आणि ८ पिनीतून १५०. अशा मोठ्या कार्डाला दुभाजक (एका तोंडाची दोन करणाऱ्या) वायरी जोडून वीज दिली असेल तर तिथला जोड तापतो.

मदरबोर्ड. प्रोसेसरच्या भोवती उभे गोल डबे दिसतात ते कपॅसिटर. त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं, फुटलेलं किंवा तपकिरी पाझर आलेलं दिसलं तर ते गेले. जवळच लहान चौकोनी काळे मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे भाग, असतात, जळाले तर त्यांच्या पाठीवर खड्डा किंवा भेग पडते. प्रोसेसर स्वतः तापून धूर सोडेल ही भीती बहुतेकांना असते, पण तो मर्यादेबाहेर तापला की स्वतःच बंद होतो.

पुढच्या यूएसबीची वायर उलटी बसवलेली आहे का, एखादा स्क्रू सुटून बोर्डाखाली गेलाय का, बोर्डाखालचे पितळी पाय जागेवर आहेत का, हेही बघा. पाय नसलेल्या जागी बोर्डाची पाठ थेट पत्र्याला टेकते.

डिस्क. उलटी करून तिच्या हिरव्या पाटीवर डाग शोधा. डाग असेल किंवा तोंड वितळलं असेल, तर "चालते का बघू" म्हणून ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावू नका. पाटीवर जास्त व्होल्टेज आलं की स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवणारे लहान डायोड बऱ्याच डिस्कमध्ये असतात. त्यामुळे जळलेल्या डिस्कमधली माहिती शाबूत असण्याची आशा असते. ती डेटा काढून देणाऱ्याकडेच द्या.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट निघाली. हळदीच्या पिवळ्या भुकटीचा थर पंख्यांवर आणि जाळीवर वाकळीसारखा जमला होता. कोरडी भुकटी हवा अडवते आणि मशीन तापतं. पावसाळ्यात तीच ओल धरते, मग पिनांच्या मधून वीज झिरपायला लागते. यार्डात, पिठाच्या गिरणीशेजारी किंवा गुऱ्हाळाजवळ मशीन असेल तर दर महिन्याला झाकण काढून ब्रश फिरवा.

पुरात भिजलेलं मशीन. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर सांगलीत अनेकांनी कॉम्प्युटर उन्हात वाळवून चालू केले आणि धूर काढला. कृष्णेचा गाळ चिपांच्या खाली आणि कनेक्टरच्या आत बसतो, वरून बोर्ड कोरडा दिसला तरी तो तिथंच असतो. पाण्यात गेलेला एसएमपीएस पुन्हा लावू नका. डिस्क भिजली असेल तर तिला वीजच देऊ नका.

## ७. एसएमपीएस दोषी आहे का

त्याचा डबा उघडू नका. २३० व्होल्टची वीज आत सरळ झाल्यावर कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात, आणि केबल काढल्यानंतरही ते काही काळ टिकू शकतात. जाळीतूनच टॉर्च मारून बघा. काजळी, फुटका कपॅसिटर किंवा पाल दिसली, किंवा वास तिथंच दाट असेल आणि बाकी कॅबिनेटमध्ये नसेल, तर तो एसएमपीएस पुन्हा विजेला लावायचा नाही.

आत जळल्याची काहीच खूण नसेल, तरच पुढची चाचणी. सगळ्या वायरी मदरबोर्डापासून आणि डिस्कपासून काढा, फक्त एक पंखा जोडलेला ठेवा. २४ पिनी तोंडातली एकुलती हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर स्टीलच्या पिनेनं जोडा, मग वीज द्या. पंखा फिरला की मोजा: पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. याच्या बाहेर आकडा गेला तर एसएमपीएस बदलायचा. काही नव्या एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात. तिथं जागेवरून ओळखावं लागतं, जमत नसेल तर दुकानात न्या.

मिरजेच्या त्या काकांच्या टेबलावर सिरीज बोर्ड होता, १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बमधून वीज देणारा. एसएमपीएस आतून शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटून राहतो, आणि स्फोट होत नाही. ठीक असेल तर बल्ब एकदा चमकून विझतो. एलईडी बल्बनं हे जमत नाही. तुमचा दुरुस्तीवाला अशी चाचणी करून दाखवत असेल तर तो काम जाणणारा आहे.

## ८. नवा भाग जोडण्याआधी

मल्टिमीटर बीपवर ठेवा, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की जो वाजतो त्या खुणेवर. प्रोसेसरजवळच्या ८ पिनी खाचेत जिथं पिवळी वायर येते आणि जिथं काळी येते, त्या दोन पिनांना सळया लावा. वीज बंदच हवी. सतत बीप वाजत राहिला तर बोर्डावर शॉर्ट आहे, आणि नवा एसएमपीएस लावून तो सुटणार नाही.

नवा एसएमपीएस सुट्या, काढता येणाऱ्या वायरींचा असेल तर त्याच्याच खोक्यातून आलेल्या वायरी वापरा. जुन्या वायरी तोंडात बरोबर बसतात, पण डब्याकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क जळते.

मग थोडं थोडं जोडा. आधी मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक रॅम, एवढंच. झाकण उघडं, हात भिंतीवरच्या बटणावर, आणि खोलीत दुसरं कुणीतरी असू द्या. दहा मिनिटं वास आला नाही तर बंद करून पुढचा एक भाग जोडा. डिस्क सगळ्यात शेवटी.

## ९. दुरुस्तीला देताना

मदरबोर्ड, डिस्क आणि एसएमपीएस यांच्या सीरियल नंबरचे फोटो काढून ठेवा. डिस्क काढून स्वतःकडे ठेवता आली तर ठेवा. खोलायच्या आधी कागदावर लिहिलेली ती आठवणीची यादी सोबत द्या. जळलेला भाग परत मागा, आणि बिलावर काय बदललं याबरोबर ते का जळलं हेही लिहून घ्या. "जुना झाला होता" एवढंच उत्तर मिळालं तर वायरी तपासल्या का, ॲडॉप्टर काढून बघितला का, असं सरळ विचारा. पहिल्या दिवशी मी एवढं विचारलं असतं तर दहा दिवसांच्या पट्ट्या कच्च्या वहीवरून रात्री जागून पुन्हा भराव्या लागल्या नसत्या. पेनड्राइव्हवरचा बॅकअप तितका जुना होता.

मशीन परत आल्यावर तिसऱ्या दिवशी दोन तास काम झालं की ते बंद करा, केबल काढा, झाकण उघडा आणि प्रत्येक कनेक्टरला बोट लावून बघा. कोमट लागलं तर चालेल. चटका बसला तर तो जोड त्याच दिवशी बदलून घ्या.